पक्ष्यांच्या बोलीला व्याकरण असतं का?

सातारा-सांगलीकरांनो, चांदोलीच्या जंगलात भृंगराज ऐकलाय? काळाभोर, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे झुपके. हा पठ्ठ्या इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. श्रीलंकेतल्या अभ्यासात तर असं दिसलं, की धोका जाणवला की तो इतरांचे नेमके धोक्याचेच इशारे उचलतो. म्हणजे नक्कल, पण प्रसंग ओळखून! मग याला भाषा म्हणायचं का? तीन गोष्टी पाहू.

🔸 शिकणं : कृष्णाकाठच्या टिटवीची हाक उपजत असते, तिला ती शिकावी लागत नाही. दयाळासारखे गाणारे पक्षी मात्र मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतात. पिल्लं आधी बोबडं गातात, सरावाने सूर पक्का होतो. आपली मुलंही बोलायला अशीच शिकतात.

🔸 क्रम : महाबळेश्वरला दिसणाऱ्या राखी वल्गुली या पक्ष्याची एक जवळची नातेवाईक जपानात आहे. तिची एक हाक म्हणजे 'सावध, आजूबाजूला बघा', दुसरी म्हणजे 'इकडे या'. दोन्ही जोडून ऐकवल्या की पक्षी सावधपणे बघत जवळ येतात. क्रम उलटा केला की प्रतिसाद मंदावतो. संशोधक तोशिताका सुझुकी आणि सहकाऱ्यांनी हे 2016 मध्ये प्रयोगाने दाखवलं.

🔸 फरक : पक्ष्यांचे इशारे बहुतेक समोरच्या प्रसंगापुरते असतात. काल काय झालं, उद्या काय होईल, हे मोजक्या शब्दांतून अगणित वाक्यं रचून सांगणं ही माणसाच्या भाषेची ताकद.

उद्या सकाळी दहा मिनिटं कान देऊन ऐका आणि कोणती हाक कधी आली ते कमेंटमध्ये नक्की लिहा!