घोड्याचा खोकला दरवर्षी परत का येतो?

माथेरानला मोटारी चालत नाहीत, घोडा चालतो. तो खोकायला लागला की घोडेवाल्याची कमाईच थांबते. आणि तक्रार ठरलेली असते: पावसाळ्यात खोकला सुरू होतो, औषधाने थांबतो, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आपण म्हणतो, सर्दी झाली.

पण ताप नाही, खाणं नीट आहे आणि खोकला गवत खाताना किंवा फेरीच्या सुरुवातीला येतो, तर तो बहुतेक वेळा घोड्याचा दमा असतो. ओलसर साठवलेल्या गवताला बुरशी येते. तिचे कण श्वासावाटे आत जातात, श्वासनलिका सुजतात आणि आकसतात. मग अँटिबायोटिक कितीही द्या, गव्हाणीत गवत तेच आहे ना!

म्हणून उपचार तबेल्यापासून सुरू करायचा. वाळलेलं गवत अर्धा तास पाण्यात बुडवून लगेच घाला. उरलेलं टाकून द्या, ते आंबतं. चारा जमिनीवर ठेवा, मान खाली गेली की कफ बाहेर पडतो. तबेला झाडताना घोडा बाहेर काढा. जमेल तेवढा वेळ मोकळ्या हवेत ठेवा.

उभा असलेला निरोगी घोडा मिनिटाला साधारण 8 ते 16 श्वास घेतो. रोज मोजा. आकडा वाढला किंवा तो पोट ओढून श्वास घेऊ लागला, तर खोगीर घालू नका, डॉक्टरांना बोलवा. ताप असेल, नाकातून पू येत असेल, तर आधी इतर घोड्यांपासून वेगळा बांधा. तो संसर्ग असू शकतो.

औषधाने श्वास मोकळा होतो, हे खरं. पण गवत बदललं नाही, तर पुढच्या पावसाळ्यात प्रश्न हाच राहील.