रक्तातली चरबी आणि हिमोग्लोबिनचा आकडा

तालुक्याच्या गावी जाऊन रक्त तपासले आणि हिमोग्लोबिन चांगले निघाले, की आपण निर्धास्त होतो. पण रक्तात चरबी फार वाढलेली असेल, तर हा आकडा फसवू शकतो.

आपल्या रक्तात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असतात. त्या ज्या पिवळसर पाण्यात तरंगतात, त्याला प्लाझ्मा म्हणतात. ट्रायग्लिसराइड नावाची चरबी याच पाण्यातून वाहते. उपाशीपोटी ती 150 च्या आत असावी. ती हजाराच्या पुढे गेली, की प्लाझ्मा दुधासारखा पांढुरका दिसू लागतो.

हिमोग्लोबिन मोजताना यंत्र तांबड्या पेशी फोडून त्या द्रावातून प्रकाश सोडते. जितका प्रकाश अडेल, तितके हिमोग्लोबिन जास्त धरले जाते. पण चरबीचे बारीक थेंबही प्रकाश अडवतात. गढूळ पाण्यात विहिरीचा तळ दिसत नाही, तसेच हे. समजा, घरातल्या बाईचे खरे हिमोग्लोबिन 10 आहे, पण कागदावर 12 आले. बाईला 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. तो इथे झाकला गेला आणि उपचार लांबला!

जाणकार तंत्रज्ञाला हे ओळखता येते. रिपोर्टात एम.सी.एच.सी. नावाचा आकडा असतो. तो साधारण 32 ते 36 असतो. तो विनाकारण वर गेला, की शंका घ्यावी. मग पांढुरका प्लाझ्मा काढून त्याजागी सलाइन घालतात व रक्त पुन्हा मोजतात.

दारूचे तर दुहेरी नुकसान आहे. ती ट्रायग्लिसराइड वाढवते आणि तांबड्या पेशींचा आकारही बिघडवते. मधुमेह ताब्यात नसला, तरी ही चरबी चढते. ती 500 च्या वर गेली, तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तेव्हा ती अंगावर काढू नये.

तुम्ही एवढे करा. चरबीची तपासणी सांगितली असेल, तर रात्री लवकर जेवा आणि सकाळी 10 ते 12 तास उपाशी राहून रक्त द्या. साधे पाणी चालते. मधुमेहाचे औषध चालू असेल, तर उपासाबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. लग्नाच्या पंगतीतून उठून थेट तपासणीला जाऊ नका. जुने रिपोर्ट जपून ठेवा व सोबत न्या.

आणि धाप लागते, थकवा जात नाही, डोळ्यांची आतली कड फिकी दिसते, तरीही आकडा चांगला आहे, असे असेल तर गप्प बसू नका. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. कागदाइतकेच आपले शरीरही बोलत असते.