हात थांबतो तेव्हा

बोरच्या जंगलाला लागून, सेलू तालुक्यात, माझ्या मामांचं वावर आहे. कार्तिकातली सकाळ. ज्वारीचा दाणा दुधात आलेला. भोवती जिकडेतिकडे कपाशी आणि तूर. ज्वारी फक्त मामांची, तीही घरच्या भाकरीपुरती, एकरभर. त्यामुळे शिवारातले सगळे पोपट तिथेच उतरतात.

"पह्यले सगळ्याईच्या वावरात जवारी राहे. पाखरं वाटून जात. आता सारेच आपल्या इथं जेवाले येते," मामा मचाणावरून म्हणाले आणि कमरेला गुंडाळलेली गोफण सोडली.

ती मी हातात घेऊन नीट पाहिली. गेल्या साली धुऱ्यावर लावलेल्या अंबाडीचा वाख. काड्या नाल्याच्या डोहात कुजवायच्या, साल सोलायची, धुवायची, वाळवायची आणि मग मांडीवर वळायची. मधे तळहाताएवढी विणलेली खोळ, तिच्या दोन बाजूंना हात लोंबता सोडला तर जमिनीला टेकतील एवढ्या दोन दोऱ्या. एकीच्या टोकाला फासा. तो बोटात अडकतो आणि अडकूनच राहतो. दुसरीच्या टोकाला गाठ. ती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत. गाठीच्या पुढे मोकळ्या वाखाचा गोंडा. या वस्तूचं नाव किती जुनं आहे! सुश्रुतसंहितेत जखम बांधण्याचे जे चौदा बंध सांगितले आहेत, त्यांतला एक गोफणा. हनुवटीवर, नाकावर, ओठावर बांधायचा. मधे खोळ, बाजूंना दोन पट्ट्या, आकार तोच.

काळ्या मातीच्या वावरात गोटा सापडत नाही. मामा चिखलाचे लिंबाएवढे गोळे करून उन्हात वाळवतात. कुठेही पडला तरी फुटतो, मातीची माती होते, पुढच्या वखरणीला पात्याखाली येत नाही.

माझा पहिला गोळा समोरच्या पळसाऐवजी पार डावीकडे विहिरीकडे गेला. दुसराही तिकडेच. कारण मी गोळा नेमका समोर आल्यावर गाठ सोडत होतो. फिरती वस्तू सुटली की ती मध्यापासून बाहेर पळते असं आपल्याला उगाचच वाटतं. ती त्या क्षणी जिकडे जात असते तिकडेच जाते, वर्तुळाला घासून सरळ. डोक्यावरून उजवीकडून डावीकडे फिरणारा गोळा समोर असताना डावीकडे धावत असतो. पळसाकडे धावतो तो उजव्या खांद्याच्या बाजूला असताना. सोडायचं तेव्हा.

ते जमलं, पण अंतर पडेना. मी दात आवळून गरागरा फिरवत होतो. मामा दोनच फेरे देत आणि गोळा धुऱ्यापार.

"जोर कायले लावतं लेका? तिले फिरू दे. अन् सोडतानी हात थांबव."

हात थांबव! वेग हवा आणि हात थांबवायचा. मी मग गोळ्याकडे न बघता मामांच्या हाताकडे बघत बसलो. शेवटच्या फेऱ्यात खांदा पुढे येतो, मग कोपर, मग मनगट, आणि प्रत्येक सांधा आपला वेग पुढच्याला देऊन जवळजवळ जागीच थांबतो. जड हात थबकतो, हलकी दोरी पुढे झेपावते. हात आणि दोरी मिळून दीड मीटर धरली, तर एक फेरा साडेनऊ मीटरच्या आसपास होतो. शेवटचा फेरा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात झाला, तर गोळा ताशी शंभर किलोमीटरने निघतो. आणि सुटलेल्या दोरीचा गोंडा चाबकासारखा फटकन वाजतो. चाबकाचं टोक क्षणभर आवाजापेक्षा वेगानं जातं, म्हणून तो कडाडतो. पोपट त्या आवाजालाच उठले; गोळा अजून हवेत होता.

किल्ल्यांच्या भिंती फोडणाऱ्या जुन्या यंत्रांची जानही ही गोफणच होती. इ. स. ७११-१२ मध्ये सिंधमधल्या देबलच्या वेढ्यात अरब सेनापती मुहम्मद बिन कासिमकडे 'अरूस', म्हणजे नवरी, नावाचं दगड फेकणारं मंजनीक होतं आणि त्यावर पाचशे माणसं लागत, असं अरब इतिहासकार बलाधुरीनं लिहून ठेवलं आहे. १३०१ साली रणथंबोरच्या वेढ्यात किल्ल्यातून आलेल्या अशाच एका यंत्राच्या दगडानं अलाउद्दीन खिलजीचा सरदार नुसरत खान गेला. सुरुवातीच्या मंजनिकांत तुळईचं आखूड टोक माणसं दोरांनी ओढत. बाराव्या शतकापासून माणसांच्या जागी दगडमातीनं भरलेली अवजड पेटी आली. लांब टोकाला मात्र गोफणच. तिची एक दोरी तुळईला पक्की बांधलेली, दुसरीची कडी लोखंडी खुंटीत नुसती अडकवलेली. मामांचं बोट आणि मामांची चिमूट! पेटी खाली येते, तुळई उठते, गोफण मागून झेप घेत वर येते आणि ठरल्या कोनात कडी खुंटीवरून घसरते. खुंटी थोडी वाकवली की दगड उंच जाणार की सपाट, हे बदलतं. यंत्र नीट जुळलेलं असेल, तर दगड सुटताना तुळई उभी आणि पेटी तिच्याखाली जवळजवळ निश्चल असते. सगळी ताकद दगडात गेलेली असते.

सायकलच्या ट्रॅकवर मॅडिसन नावाची शर्यत असते, तिथेही मी हेच पाहिलं, टोकियो ऑलिंपिकच्या वेळी, टीव्हीवर. जोडीतला एक जण शर्यतीत, दुसरा ट्रॅकच्या वरच्या कडेनं सावकाश, दम घेत. पाळी बदलताना सुसाट आलेला गडी जोडीदाराचा हात पकडतो आणि त्याला पुढे भिरकावतो. आपण मंदावतो, तो सुटतो. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवसांच्या शर्यती चालत. एकेक माणूस झोपेविना सायकल चालवून भ्रमिष्ट व्हायचा, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायद्यानं एका माणसाला दिवसाला बाराच तास दिले, आणि त्यातून या जोड्या आल्या. आता ऑलिंपिकमध्ये पुरुषांची ही शर्यत ५० किलोमीटरची, २०० फेऱ्यांची असते. तेवढा वेळ दोघं एकमेकांना फेकत राहतात.

ऊन उतरल्यावर पोपट गेले. आता रात्रीची जागल. जंगलाच्या कडेला रोही आणि रानडुकरं रात्री वावरात शिरतात. अंधारात गोळा टाकून काही होत नाही. मामांनी मचाणावर टॉर्च आणि वाजवायला पत्र्याचा डबा आणून ठेवला.

खाली उतरण्याआधी त्यांनी शेवटचा गोळा माझ्या हातात दिला. मी दोन फेरे दिले, तिसऱ्याला उजव्या खांद्याशी हात थांबवला. पळसाच्या अलीकडे माती उडाली.

"उद्या पहाटं ये," मामा म्हणाले.