मळलेली वाट आणि ग्रामनामांची रूपे

‘मळलेली वाट’ हा मराठीतील शब्दप्रयोग मोठा मार्मिक आहे. अशी वाट कोणी आखून दिलेली नसते. पुष्कळांच्या पावलांनी ती उमटते, आणि मागून येणारा तिला पाहूनच आपली दिशा ठरवितो. संगणकजालावर माहिती धुंडाळणाऱ्यासही अशाच खुणांचे साहाय्य देता येते. हाताळून जीर्ण झालेल्या ग्रंथाप्रमाणे संगणकीय लेखावरही वाचनाच्या व दुरुस्तीच्या खुणा दिसाव्यात, ही कल्पना विल हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडली. १९९४ साली पॉल डुरिश व मॅथ्यू चाल्मर्स यांनी या प्रकारास ‘सोशल नॅव्हिगेशन’ हे नाव दिले. त्यास ‘सामाजिक मार्गदर्शन’ म्हणावयास हरकत नाही. शोधाच्या चौकटीत दोन अक्षरे लिहिताच खाली उमटणारे पर्याय हे बव्हंशी इतरांच्या पूर्वशोधांचेच ठसे होत.

मात्र येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. पाऊलवाट जमिनीवर उमटते, तर शोधाची खूण अक्षरांवर. तुळजापूर तालुक्यातील अणदूर या गावाचे उदाहरण घ्यावे. ‘अणदूर’, ‘अणदुर’, ‘अंदुर’ असे लेखन संभवते. रोमन लिपीत तर ण-न आणि ऱ्हस्व-दीर्घ हे भेद सहसा लोपतातच. कानाला गाव एकच. यंत्राला मात्र ही निरनिराळी चिन्हे. त्यांची सांगड कोणी घातली नाही, तर वाटसरू तेवढेच असूनही एकही वाट नीट मळत नाही. जिल्ह्याच्या नावाचेही तसेच. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. पूर्वीच्या शोधांचा व दुव्यांचा साठा जुन्या नावाखाली राहिला.

विकिपीडियात यावर ‘पुनर्निर्देशन’ हा उपाय आहे. एका रूपावरून आलेला वाचक दुसऱ्या रूपाच्या पृष्ठावर पोहोचविला जातो. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्यातील पानाच्या इतिहासात प्रत्येक बदल दिनांकासह पाहता येतो. ही दुरुस्तीची खूण झाली. वाचून निघून गेलेल्याची खूण तेथे उमटत नाही.

खुणा जुळल्या तरी दुसरी अडचण उरतेच. सॅल्गानिक, डॉड्स व वॉट्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अपरिचित गीतांपुढे पूर्वीच्या श्रोत्यांनी ती किती वेळा उतरवून घेतली तो आकडा दाखविला, तेव्हा लोकप्रिय गीते अधिकच लोकप्रिय झाली. परंतु कोणते गीत वर चढेल, हे गटागटांत बदलले. गर्दी ही गुणाची साक्ष देतेच असे नाही. अणदूरला खंडोबाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. वर्षाचा काही काळ देव नळदुर्गास जातात. यात्रेच्या दिवसांत हजारो भाविक हे ग्रामनाम शोधतील, हे उघड आहे. त्याच गावी ग्रामीण आरोग्याचे कार्य करणारी हॅलो मेडिकल फाउंडेशन ही संस्था आहे. केवळ संख्येवर क्रम लावणारे यंत्र आरोग्याच्या अभ्यासकासही प्रथम देवळापाशीच नेईल. तेव्हा कोण चालले याबरोबर कशासाठी चालले, हेही खुणेत नोंदले जावयास हवे. आणि ते ग्रामनामाला जोडून आलेल्या शब्दांवरूनच कळू शकते. ‘अणदूर यात्रा’ व ‘अणदूर दवाखाना’ या दोन शोधांत गावाचे नाव समान असले, तरी वाटा दोन आहेत.