सहा पॅनेल आणि एक चूक

आमच्या प्रॅक्टिस रूममध्ये तबल्याची थाप भिंतीवरून टणकन परत यायची. म्हणून गॅदरिंगच्या आधी प्लायवूडचे सहा डिफ्यूझर ठोकले. मॅनफ्रेड श्रोडर यांची १९७० च्या दशकातली युक्ती: ०, १, २... ६ यांचा वर्ग करा, ७ ने भागा, बाकी उरेल तितकी खाच खोल. म्हणजे ०, १, ४, २, २, ४, १. सहाही पॅनेल शेजारी-शेजारी, सारखीच. दिसायला झकास!

आवाज मात्र ठरावीक जागीच जोरात. कारण दर ४२ सेंमीला तोच नमुना. समोरून आलेला १००० हर्ट्झचा आवाज (तरंगलांबी ३४ सेंमी) मुख्यतः तीनच दिशांना जातो: सरळ मागे आणि दोन्ही बाजूंना साधारण ५४ अंशांवर. ८२० हर्ट्झच्या खाली तर भिंत जवळपास सपाटच समजा!

आधी पॅनेल उलटी फिरवून पाहिली. काही फरक नाही, ओळ दोन्हीकडून जवळजवळ तशीच वाचली जाते ना. मग तीन पॅनेल नव्याने केली: ०, ६, ३, ५, ५, ३, ६. पेट्या खोल झाल्या, प्लायवूड जास्त लागलं. जुनं पॅनेल लहरीची फेज जितकी मागे टाकतं तितकीच हे पुढे आणतं. एकाआड एक लावू नका, ८४ सेंमीला पुन्हा तेच रडगाणं. आम्ही जुनं-जुनं-नवं-जुनं-नवं-नवं लावलं. तबलजी खूश आहे, सतारवाला अजून कुरकुरतो.