हिऱ्याचं तावदान

आमच्या मायक्रोवेव्हच्या आत, उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा एक तुकडा आहे. परवा त्यावर वरणाचा शिंतोडा तसाच राहिला, करपला, आणि पुढच्या वेळी आत चक्क ठिणग्या उडाल्या. तो तुकडा अभ्रकाचा. त्यामागे मॅग्नेट्रॉनच्या लहरी आणणारी धातूची नळी असते, वेव्हगाइड. अभ्रक लहरींना वाट देतं, तेलाच्या वाफेला अडवतं. करपलेला डाग मात्र लहरी शोषतो, तापतो, अधिक करपतो, म्हणून अधिक शोषतो.

फ्रान्समध्ये कादाराशला उभ्या राहणाऱ्या 'इटर' या संलयन प्रकल्पात दुखणं याच जातीचं आहे, फक्त आकडा अवाढव्य. तिथे प्लाझ्मा तापवणारा एकेक जायरोट्रॉन १७० गिगाहर्ट्झच्या लहरी १ मेगावॉट ताकदीने सोडणार. म्हणजे घरातले हजारभर ओव्हन एका झोतात! जायरोट्रॉनच्या पोटात निर्वात पोकळी. पलीकडे प्लाझ्मा आणि किरणोत्सारी ट्रिटियम. दोन्हीकडे लहरी जातील पण वायू जाणार नाही अशी हवाबंद खिडकी लागते.

लहरी पार होऊ देणारे पदार्थ आहेत. जीव खाते ती उष्णता. दहा लाख वॉटमधले काहीशे जरी तावदानात मुरले, तरी ते मुख्यतः मधोमध. ॲल्युमिनाची चकती मध्ये तापून फुगते, काठ थंडच राहतो, आणि ती तडकते. शिवाय तापलेलं ॲल्युमिना जास्त शोषतं. आमच्या वरणाच्या डागासारखंच. म्हणून तावदान हिऱ्याचं. उष्णता वाहून नेण्यात हिरा तांब्यालाही चार-पाच पटींनी मागे टाकतो. मधली धग झटकन काठाला पोचते आणि तिथे खेळवलेलं पाणी ती घेऊन जातं.

जाडीतही गंमत आहे. इटरची चकती १.११ मिलिमीटर. हिऱ्यात शिरल्यावर या लहरीची लांबी सुमारे ०.७४ मिलिमीटर उरते, म्हणजे जाडीत नेमकी दीड लहर मावते. मग पुढच्या आणि मागच्या पृष्ठावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना खोडून टाकतात. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या 'वेंडेलस्टाइन ७-एक्स' या संलयन यंत्रात लहरी १४० गिगाहर्ट्झच्या, म्हणून तिथे जाडी १.८ मिलिमीटर. दोन पूर्ण लहरी.

हिऱ्याची अशी चकती खाणीतून कुठली मिळायला! सराफाकडे आता 'लॅबग्रोन' म्हणून मिळतात त्या हिऱ्यांची ही भावंडं. हायड्रोजनमध्ये चिमूटभर मिथेन मिसळायचा, त्याचा प्लाझ्मा करायचा. कार्बन थरावर थर बसत जातो, तासाला जेमतेम काही मायक्रोमीटर. आणि तो प्लाझ्मा तासन्‌तास पेटता ठेवायला वापरतात मायक्रोवेव्हच.