काळा पडलेला फिल्टर

मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ या जुन्या डिझेल गाडीचं बॉनेट उघडलं, की इंधनाच्या नळीत बसवलेला छोटा पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर दिसतो. वर्षानुवर्षं साध्या डिझेलवर धावलेल्या गाडीत पहिल्यांदा बायोडिझेल भरलं, की लक्ष ठेवायची जागा हीच. थोडं अंतर कापल्यावर तो काळपट पडू लागतो. मग गाडी ओढेनाशी होते, चढावर मिसिंग करते आणि मालक नव्या इंधनाला बोल लावतो. ती घाण मात्र नव्या इंधनाची नसते. टाकीच्या तळाशी आणि नळ्यांच्या आत साचलेला जुना गाळ बायोडिझेलनं सोडवून आणलेला असतो. फिल्टर बदलला, एअर काढली, की गाडी पुन्हा सुरळीत. म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांपुरता एक जादा फिल्टर डिकीत ठेवावा.

बायोडिझेल म्हणजे गाडीत ओतलेलं खाद्यतेल नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत फार होते आणि तिची किंमत इंजिन मोजतं. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या एका कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. असं तेल डिझेलच्या दहापट किंवा त्याहूनही दाट असतं. ते नोझलमधून बारीक फवाऱ्यानं उडत नाही, नीट जळत नाही आणि नोझलवर, रिंगांवर कार्बन धरतं. त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून मिश्रण साधारण ६० अंशांवर ढवळलं, की तिन्ही साखळ्या कण्यापासून सुटतात आणि एकेका मिथेनॉलला जाऊन चिकटतात. ढवळणं थांबवून काचेच्या भांड्यात हे मिश्रण स्थिर ठेवलं, की डोळ्यांदेखत दोन थर होतात: वर मधाच्या रंगाचं पातळ बायोडिझेल, खाली गडद ग्लिसरीन. हिशेबही सोपा आहे. १०० किलो तेल आणि सुमारे १० किलो मिथेनॉल घातलं, की सुमारे १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन हाती येतं. तेलात पाणी राहिलं किंवा ते फार आम्ल झालेलं असलं, तर मात्र भांड्यात साबण तयार होतो.

१० ऑगस्ट हा जागतिक जैवइंधन दिन. रुडॉल्फ डिझेलनं १८९३ साली त्या दिवशी शेंगदाणा तेलावर इंजिन चालवलं, असं दरवर्षी छापून येतं. ते शेंगदाणा तेलाचं इंजिन प्रत्यक्षात १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातलं. ते ऑटो कंपनीनं मांडलं होतं आणि ही हकीकत खुद्द डिझेलनं १९१२ मध्ये सांगितली. इंजिन इतकं सुरळीत चाललं, की आत कोणतं तेल आहे हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. तरी ते नुसतं शेंगदाणा तेलच होतं, बायोडिझेल नव्हे. आज आपण ज्याला बायोडिझेल म्हणतो, त्याचं पेटंट बेल्जियमच्या जी. शवान यांनी १९३७ मध्ये घेतलं. काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत होती आणि तिथं पामतेल मुबलक होतं. १९३८ मध्ये ब्रसेल्स ते लुवेन मार्गावर पामतेलापासून बनवलेल्या अशा इंधनावर प्रवासी बस धावली. इतक्या जुन्या गोष्टीला आपण ‘नवं इंधन’ म्हणतो, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

जुन्या गाड्यांना हे इंधन मानवतं, यामागं त्यांची साधी रचना आहे. डब्ल्यू १२३ मालिकेच्या १९७६ पासून दहा वर्षांत सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. त्यांतल्या डिझेल इंजिनांत इंधन आधी एका छोट्या कक्षात पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये झेपावतं. नोझलचा दाब सव्वाशे बारच्या आसपास असतो. आजच्या कॉमन रेल इंजिनांत तो दीड-दोन हजार बारपर्यंत जातो आणि तिथं इंधनाच्या गुणांतला बारीकसा फरकही खपत नाही. शिवाय अनेक नव्या गाड्या धुराचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन सोडतात. बायोडिझेल लवकर उडून जात नसल्यानं ते भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. जुन्या गाडीत ही भानगडच नाही.

रोटरी पंप असलेल्या जुन्या गाड्यांचा तर यात फायदाच आहे. त्या पंपाला इंधन हेच वंगण. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत १० भागांवर आलं. हवेसाठी ते उत्तमच झालं, पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा स्निग्धपणाही जातो आणि तो रसायनं घालून भरून काढावा लागतो. तेच काम २ टक्के बायोडिझेल करतं.

खरा धोका रबराला. जुन्या नळ्यांमधलं नैसर्गिक रबर आणि काही प्रकारचं नायट्राइल बायोडिझेलनं फुगतं, मऊ पडतं. नोझलना जोडणाऱ्या सुती विणीच्या बारीक रिटर्न नळ्या हाताला ओलसर लागल्या, की समजावं. व्हायटॉनच्या नळ्या घातल्या, की हा प्रश्न मिटतो. २० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात, म्हणजे बी २० मध्ये, ही झीज बरीच कमी होते आणि ॲव्हरेजही जेमतेम टक्का-दोन टक्के घटतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २००२ मध्ये केलेल्या विश्लेषणात बी २० मुळे धुरातले कण सुमारे १० टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के घटलेला आढळला. नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र सुमारे २ टक्के वाढली.

मिसळण्याचीही एक रीत आहे. बायोडिझेल डिझेलपेक्षा जड असल्यानं टाकीत डिझेल आधी आणि बायोडिझेल नंतर ओतावं, म्हणजे ते खाली उतरता उतरता मिसळतं. थंडीत खोबरेल थिजतं, तसंच हेही थिजतं. पामतेलापासूनचं बायोडिझेल १५ अंशांच्या आसपासच गढूळ होऊ लागतं. सोयाबीनचं शून्याच्या आसपास, मोहरीवर्गातल्या रेपसीडचं त्याहूनही खाली. नाशिकच्या डिसेंबरात शुद्ध पाम बायोडिझेल भरून पहाटे सेल्फ मारणं म्हणूनच शहाणपणाचं नाही.

आणि घरातलं तेल खवट होतं, तसं हेही होतं. साधारण सहा महिन्यांत वापरून संपवावं. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल, तर आधी थोडे दिवस साध्या डिझेलवर चालवून टाकी काठोकाठ भरून ठेवावी. रिकाम्या जागेत दमट हवा शिरली, की पाणी धरतं, आणि त्या पाण्यात वाढणारं शेवाळासारखं बुळबुळीत काहीतरी पुढच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतं.